निरोपांतील प्रमाद आणि त्यांचें शोधन

कसारा सोडून गाडी थळघाट चढूं लागली म्हणजे खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाच्या हातांतील मोबाइल बोलतां बोलतां मध्येंच मुका होतो. बोगद्याचा अंधार येतो, पलीकडच्या माणसाचें वाक्य अर्धवट तुटतें, आणि गाडी उजेडांत आली कीं "ऐकूं येतंय का?" हा प्रश्न डब्यांत चारपांच ठिकाणांहून एकदम उठतो. परंतु ह्याच घाटांत दुसरीहि एक गोष्ट घडत असते व तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. संभाषण तुटलें तरी घरीं धाडलेला चार ओळींचा मजकूर, गाडी इगतपुरीच्या फलाटावर उभी राहीपर्यंत, बहुधा जसाच्या तसा पोंचलेला असतो. त्यांतील काना गळलेला नसतो, वेलांटी फिरलेली नसते. कोणास धाडलेल्या रकमेचा आंकडा एका शून्यानेंहि कमीजास्त झालेला नसतो. डोंगराच्या कड्यांवर आपटून, बोगद्याच्या तोंडाशीं विरून, त्या मजकुराच्या लहरींची वाटेंत काय दशा झाली असेल हें मनांत आणिलें, तर तो शाबूत पोंचला ह्याचें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. हें घडवून आणणारी विद्या कोणती, ती कशी उदयास आली, आणि तिच्या इतिहासांत आपल्याकडील माणसांचा वांटा काय, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

निरोप पाठविण्याची कला जितकी जुनी तितकीच तो बिघडण्याची भीतिहि जुनी आहे. महाजनी लिपींत काना-मात्रा गाळून लिहिण्याची चाल असे. त्यामुळें 'काकाजी अजमेर गये' हें वाक्य 'काकाजी आज मर गये' असें वाचलें जाऊन घरांत रडारड उसळल्याची गोष्ट उत्तरेकडे प्रसिद्ध आहे. गोष्ट घडलेली असो वा रचलेली असो, तिच्यांतील मर्म खरें आहे. लिहिणाऱ्यानें श्रम वांचविण्यासाठीं जें गाळलें, नेमकें तेंच चूक उघडकीस आणणारें साधन होतें. भाषेंत अनावश्यक भासणारा जो पसारा असतो, म्हणजे लिंगवचनांचा मेळ, प्रत्यय, काना-मात्रा, त्यांतला पुष्कळसा भाग अर्थाचें रक्षण करण्याच्या कामीं येतो. एखादें अक्षर पुसलें गेलें तरी शेजारचीं अक्षरें त्याची साक्ष देतात.

पैशाचा प्रश्न आला म्हणजे तेच महाजन फार सावध असत. हुंडी लिहितांना रक्कम एकदां सांगून ते थांबत नसत. तिची निमपट अमुक, आणि त्या निमपटीची दुप्पट पुरे अमुक, असें त्याच मजकुरांत नमूद करीत. एक आंकडा पुसला गेला वा कोणीं बदलला, तर दुसऱ्याशीं त्याचा मेळ बसत नसे. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर तिच्या ऐवजीं 'पेठ' लिहून देत, आणि तीहि गहाळ झाली तर 'परपेठ' देत. चूक ओळखूं यावी म्हणून निरोपांतच साक्षीदार ठेवणें आणि निरोप न पोंचल्यास तो पुन्हा धाडणें, हे दोन उपाय येथें स्पष्ट दिसतात. पुढील सर्व शास्त्र ह्याच दोन उपायांचा विस्तार होय असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

याहूनहि प्राचीन व अधिक कसोशीचें उदाहरण इगतपुरीहून फारसें दूर नसलेल्या त्र्यंबकेश्वरीं व नाशिकास आजहि कानीं पडतें. वेद लिहून ठेवावयाचे नाहींत, मुखोद्गत करावयाचे, हा दंडक असल्यामुळें एका पिढीची चूक पुढच्या पिढीस पाठ होण्याचें भय सतत होतें. त्यावर वैदिकांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पठणाच्या रीति बसविल्या. जटापाठांत पहिलें व दुसरें पद सरळ म्हणावयाचें, मग उलट, मग पुन्हा सरळ; त्यानंतर दुसरें व तिसरें पद त्याच रीतीनें. घनपाठांत तिसऱ्या पदालाहि त्याच गुंफणींत ओढून घेतात. हिशेब करून पाहिल्यास, ऋचेच्या मध्यावरील प्रत्येक पद जटापाठांत सहा वेळां आणि घनपाठांत तेरा वेळां उच्चारलें जातें असें आढळून येईल. तें नुसतें तेरा वेळां घोकलें जात नाहीं, तर मागच्यापुढच्या पदांशीं कधीं सरळ, कधीं उलट जोडलें जातें. त्यामुळें एखादें पद निसटलें वा त्याची जागा बदलली, तर गुंफण तेथेंच अडखळते. धार्मिक श्रद्धेचा प्रश्न बाजूस ठेवला तरी, शब्दरक्षणाची योजना म्हणून ही रीति आश्चर्यकारक आहे यांत संशय नाहीं. मात्र तिचें मोलहि उघड आहे: एका पदासाठीं तेरा पदांचा श्वास खर्ची पडतो. ज्याला आयुष्य वाहावयाचें आहे त्याला तें परवडेल. ज्याला शब्दागणिक दाम मोजावयाचा आहे त्याला परवडणार नाहीं.

शब्दागणिक दाम मोजण्याचें युग तारायंत्रानें आणिलें. १८५१ सालीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान हिंदुस्थानांतील पहिली तार सुरू झाली, डॉ. ओ'शॉनेसी यांच्या देखरेखीखालीं ती १८५४ पर्यंत आग्र्यावरून मुंबईस पोंचली, व १८५५ च्या फेब्रुवारींत जनतेस खुली झाली. त्यानंतर दहा वर्षांनीं, १ जानेवारी १८६५ रोजीं, कसाऱ्याहून थळघाट चढून रेल्वे इगतपुरीस आली. त्याच वर्षाच्या आरंभीं इराणच्या आखातांतील समुद्रतारेच्या साहाय्यानें हिंदुस्थानचा इंग्लंडशीं तारेनें संबंध जुळला. परंतु वाटेंतील ठाण्याठाण्यावर निरोप उतरवून घेऊन पुढें धाडावा लागे, आणि हें काम करणाऱ्या परमुलखांतील कित्येक कारकुनांस इंग्रजीची धड ओळखहि नसे. त्यामुळें कापसाच्या भावाच्या तारा दिवसेंदिवस रखडत व विद्रूप होऊन येत, अशी व्यापाऱ्यांची मोठी ओरड होती. १८७० सालीं सुएझकडून मुंबईपर्यंत थेट समुद्रतार आली तेव्हां हा जाच पुष्कळ कमी झाला. निरोप जितक्या हातांतून जाईल तितक्या त्यांतील चुका सांठत जातात, हा नियम साध्या गणितानेंहि कळतो. शंभर शब्दांत एकच शब्द चुकविणारा कारकून वाईट म्हणतां यावयाचा नाहीं; पण तसल्या पांच कारकुनांच्या हातून गेलेल्या शंभर शब्दांच्या तारेंत सुमारें पांच शब्द चुकलेले निघतील.

तारखात्यानें यावर कांहीं तोड काढली होती. प्रत्येक तारेच्या आरंभीं तिच्यांतील शब्दांची संख्या पाठविली जाई. मोजून ती जुळली नाहीं तर कोठें तरी गळती झाली हें उमगे. आंकडे असतील तर ते अखेरीस पुन्हा पाठविण्याचीहि चाल होती. परंतु गिऱ्हाइकाचा कल नेमका उलट दिशेस होता. दाम वांचावा म्हणून व्यापाऱ्यांनीं सांकेतिक शब्दांचे कोश तयार केले व एकेका शब्दांत संबंध वाक्य कोंबलें. आपल्याकडील शुभेच्छांच्या तारांतहि ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले असत व तेवढा क्रमांकच तारेनें जाई. यांत काटकसर होती, पण क्रमांकाला शेजारी नसतो. तो चुकला तर चुकल्याचा पुरावाहि मागें राहत नाहीं.

ह्या काटकसरीची किंमत काय पडूं शकते याचें एक उदाहरण अमेरिकेच्या न्यायालयांत कायमचें नोंदलें गेलें आहे. १८८७ च्या जूनमध्यें फिलाडेल्फियांतील प्रिमरोज नांवाच्या लोंकरीच्या व्यापाऱ्यानें कॅन्सास संस्थानांतील आपल्या आडत्यास तार केली. तींत 'बे' हा सांकेतिक शब्द होता व त्याचा अर्थ 'मीं खरेदी केली आहे' असा होता. वाटेंत त्याचें 'बाय' झालें, म्हणजे 'खरेदी कर'. तारेच्या लिपींत ह्या दोन शब्दांत अंतर एका टिंबाचें. आडत्यानें आज्ञेप्रमाणें सुमारें तीन लाख पौंड लोंकर विकत घेतली व व्यापारी वीस हजार डॉलरांहून अधिक बुडाला. तो फिर्याद घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९४ सालीं निकाल लागला तो असा कीं, तार उलट मागवून ताडून पाहण्याचा जादा आकार त्यानें भरला नव्हता. सबब तारेचें भाडें, एक डॉलर पंधरा सेंट, एवढेंच त्यास परत मिळूं शकेल! अर्ध्या भाड्याची काटकसर आणि एक टिंब यांनीं एका माणसास धुळीस मिळविलें.

इगतपुरीच्या घाटांत मात्र टिंबाची किंमत डॉलरांत होणारी नव्हती. सदतिसास एक ह्या चढणीवर गाडी चढवितांना मागें जोड-इंजिनें लागतात, उतरतांना ब्रेकांवर सारा भार असतो. अशा ठिकाणीं पुढचा मार्ग मोकळा आहे कीं नाहीं याविषयींचा एक शब्द चुकीचा ऐकला गेला तर माणसें मरावयाचीं. म्हणून रेल्वेनें आपल्या नियमांत चूक होणारच हें गृहीत धरिलें. शेजारच्या ठाण्याशीं तोंडी निरोपाची देवघेव करावयाची झाल्यास ऐकणाऱ्यानें तो उलट म्हणून दाखवावयाचा. आणि संमति देतांना नुसतें 'होय' म्हणून भागत नाहीं, तर 'प्रायव्हेट नंबर' सांगावा लागतो. ह्या नंबरांचे छापील तक्ते ठाण्याकडे असतात. त्यांतील पाळीचा आंकडा सांगावयाचा, पलीकडच्यानें तो वहींत टिपावयाचा, व वापरलेला आंकडा खोडून टाकावयाचा. नुसत्या होकाराचा भास होऊं शकतो. ठराविक आंकड्याचा भास होणें कठीण. ह्या साध्या रीतीनें किती जीव वांचले असतील त्याची गणना करतां येणार नाहीं, कारण न घडलेल्या अपघातांची नोंद कोणत्याच दप्तरांत होत नसते.

येथवरचे सारे उपाय अनुभवानें सुचलेले होते; त्यांच्यामागें सिद्धांत नव्हता. सर्वांची समजूत एकच होती: चूक कमी करावयाची तर निरोप पुन्हापुन्हा पाठवावा, आणि ती जितकी अधिक कमी करावयाची तितका वेग मंद करावा. १९४८ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे क्लॉड शॅनन यांनीं ही समजूत खोटी ठरविली. प्रत्येक मार्गाची, मग तो तारेचा असो वा आकाशलहरींचा असो, निरोप वाहून नेण्याची कांहीं एक शक्ति ठरलेली असते. त्या मर्यादेच्या आंत राहिल्यास, योग्य रचना केली असतां, चुकांचें प्रमाण हवें तितकें अल्प करतां येतें आणि त्यासाठीं वेग शून्यावर आणावा लागत नाहीं, असें त्यांनीं सिद्ध केलें. गोंगाटाच्या मार्गानेंहि निरोप जवळजवळ निर्दोष जाऊं शकतो, हें त्यांचें सांगणें तेव्हां अविश्वसनीय वाटण्यासारखेंच होतें. मात्र 'योग्य रचना' कशी करावी हें ह्या सिद्धांतानें सांगितलें नाहीं. खजिना आहे एवढें ठरलें. वाट शोधावयाची राहिली.

पहिली वाट त्याच प्रयोगशाळेंतील रिचर्ड हॅमिंग यांनीं दाखविली. सुटीच्या दिवशीं देखरेखीवांचून चालणारें त्यांचें गणकयंत्र चूक सांपडली कीं काम टाकून देई, आणि सोमवारीं येऊन पाहावें तों हातीं कांहींच नसे. यंत्रास चूक ओळखतां येते, तर ती कोठें आहे हें सांगून दुरुस्त कां करतां येऊं नये, ह्या प्रश्नांतून निघालेला त्यांचा निबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांची युक्ति वाचकांस कागदावर करून पाहतां येईल. एक आणि शून्य ह्या दोनच अंकांत लिहिलेला निरोप घ्या: १, ०, १, १. त्यास तीन साक्षीदार अंक जोडावयाचे. पहिला साक्षीदार निरोपाच्या पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या अंकाकडे पाहतो. दुसरा पहिल्या, तिसऱ्या व चौथ्याकडे. आणि तिसरा दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्याकडे. आपापल्या तीन अंकांशीं मिळून बेरीज सम व्हावी असा अंक प्रत्येकानें धारण करावयाचा. येथें ते अनुक्रमें ०, १, ० असे येतील. आतां वाटेंत तिसरा अंक बिघडून १ चा ० झाला असें समजूं. पहिला साक्षीदार म्हणेल, माझी बेरीज ठीक आहे. दुसरा व तिसरा म्हणतील, आमची विषम झाली. पहिल्याच्या नजरेंत नाहीं, पण दुसऱ्याच्या व तिसऱ्याच्या नजरेंत आहे, असा अंक एकच: तिसरा. तो उलटा केला कीं निरोप पूर्ववत् झाला! कोणास पुन्हा विचारावें लागलें नाहीं, आणि निरोप तेरा वेळां तर राहोच, दोन वेळांहि पाठवावा लागला नाहीं. साक्षीदारांपैकींच एक बिघडला तर तो एकटाच तक्रार करील, व त्यावरून त्याचीच चूक ओळखूं येईल.

ह्यापुढील इतिहासांत हिंदी गणितज्ञांचीं नांवें ठळकपणें येतात, आणि त्यांत एक मराठी नांव आहे. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ सालीं सागर येथें झाला. त्यांचें शिक्षण नागपुरास झालें, आणि अमेरिकेंत राजचंद्र बोस यांच्या हाताखालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. ह्या गुरुशिष्यांनीं ऑयलर नांवाच्या थोर गणितज्ञाच्या एका जुन्या तर्काला हात घातला. सहा पलटणींचे सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौकोनांत असे उभे करावयाचे कीं प्रत्येक आडव्या व उभ्या रांगेंत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदांच यावा. हें साधत नाहीं. आणि दहा, चौदा, अठरा अशा संख्यांसहि तें साधावयाचें नाहीं, असें ऑयलरनें १७८२ सालीं म्हटलें होतें. १९५९ सालीं बोस व श्रीखंडे यांनीं बावीसच्या चौकोनाची, तर पार्कर यांनीं दहाच्या चौकोनाची मांडणी करून दाखविली. आणि मग तिघांनीं मिळून, सहाच्या पुढें हा तर्क सर्वत्र खोटा आहे असें सिद्ध केलें.

ह्या कोड्याचा निरोपांशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. दहाच्या चौकोनांतील प्रत्येक अधिकाऱ्याचे चार अंक मांडा: आडवी रांग, उभी रांग, पलटण, हुद्दा. ह्यांपैकीं कोणतेहि दोन सांगितले कीं अधिकारी निश्चित होतो. म्हणून कोणत्याहि दोन अधिकाऱ्यांचे चारांपैकीं निदान तीन अंक वेगळे असतात. आणि ऐकतांना एखादा अंक चुकला तरी उरलेले तीन खऱ्या अधिकाऱ्याकडेच बोट दाखवितात. सहाच्या चौकोनास हें साधत नाहीं, दहाच्या चौकोनास साधतें. म्हणजे निव्वळ बुद्धीचा खेळ वाटणारी ही मांडणी वस्तुतः प्रमादशोधनाची मांडणी आहे. त्याच वर्षीं बोस व श्रीखंडे यांनीं संकेतरचनेवर स्वतंत्र निबंध लिहून, हॅडामार्ड यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अंकचौकटी आणि परस्परांपासून जास्तींत जास्त दूर असलेले संकेतशब्द, हीं एकाच गोष्टीचीं दोन रूपें होत हें दाखविलें. पुढें १९७१ सालीं मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या मरिनर-९ यानानें धाडलेलीं चित्रें ह्याच जातीच्या संकेतांत आलीं. त्यांत बत्तीस अंकांच्या शब्दांतील सात अंक बिघडले तरी शब्द ओळखूं येत असे. १९६० सालीं बोस व द्विजेंद्रकुमार राय-चौधरी यांनीं अनेक चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचें एक संबंध घराणेंच निर्माण केलें. फ्रान्समध्यें ऑकांगॅम यांनीं तेंच १९५९ सालीं स्वतंत्रपणें शोधलें होतें. म्हणून तें घराणें तिघांच्याहि नांवानें चालतें. श्रीखंडे पुढें मुंबई विद्यापीठांत गणितविभागाचे प्रमुख झाले व २०२० सालीं एकशें दोन वर्षांचे होऊन निवर्तले. आपल्या घरोघरीं मोबाइल आहे; परंतु त्यामागील शास्त्राच्या उभारणींत हात असलेल्या ह्या माणसाचें नांव किती घरीं ठाऊक असेल, हा प्रश्न मनास लागून राहतो.

आतां पुन्हा घाटाकडे वळूं. १९९५ सालीं आपल्या देशांत मोबाइल आला तेव्हां त्याच्या यंत्रणेंत एका सेकंदाचा पन्नासावा भाग एवढा आवाज २६० अंकांत बसविलेला असे. त्यांतील अत्यंत महत्त्वाच्या ५० अंकांवर तीन साक्षीदार बसवीत. ते व त्याखालोखालचे १३२ अंक यांस दुप्पट करणारें संकेतकवच घालीत. आणि उरलेले ७८, जे चुकले तरी कानास फारसें जाणवत नाहीं, ते उघडेच सोडीत. शेवटीं २६० चे ४५६ अंक होत. घाटांतील विघ्न एकेका अंकावर येत नाहीं, झुंडीनें येतें. म्हणून हे अंक आठ तुकड्यांत विखरून पाठवीत. आठ पत्रांतील शब्द आठ डांकथैल्यांत वांटून घातले आणि एक थैली दरींत पडली, तर एकहि पत्र समूळ नाहींसें होत नाहीं. प्रत्येकांतले थोडे शब्द गळतात, व ते शेजारच्या शब्दांवरून भरून काढतां येतात. हीहि तीच युक्ति.

बोलणें तुटतें पण मजकूर तुटत नाहीं, ह्याचेंहि कारण येथें सांपडतें. बोलण्यास थांबण्याची सवड नसते. उशिरां दुरुस्त होऊन आलेला शब्द संभाषणांत निरुपयोगी. मजकूर मात्र क्षणभर थांबूं शकतो. त्याच्या अखेरीस ताळा जोडलेला असतो. तो जुळला नाहीं तर मोबाइल मूकपणें 'पुन्हा पाठवा' असें मनोऱ्यास कळवितो. अलीकडच्या यंत्रणांत तर बिघडून आलेली पहिली प्रतहि फेकून देत नाहींत. दुसरीशीं ताडून, दोन्ही बिघडलेल्या प्रतींतून एक शुद्ध प्रत तयार करितात. जुन्या पोथ्यांचा पाठ ठरविणाऱ्या संशोधकांस ही रीति परिचयाची वाटेल.

संकेतांची रचनाहि सुधारत गेली. १९९३ सालीं फ्रान्समधील बेरू व त्यांचे सहकारी यांनीं शॅननच्या मर्यादेच्या अगदीं जवळ नेणारा संकेत मांडला. तो पुढील दोन पिढ्यांच्या मोबाइलांत वापरांत आला. रॉबर्ट गॅलेगर यांनीं १९६० च्या सुमारास काढलेली एक रचना, ती पेलणारीं यंत्रें नसल्यामुळें, तीस वर्षें जवळजवळ विस्मृतींत पडून होती. १९९० नंतरच्या दशकांत ती पुन्हा उजेडांत आली, व आपल्याकडे २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेल्या पांचव्या पिढीच्या यंत्रणेंत मजकुराचा मुख्य भार तीच वाहते. त्या यंत्रणेच्या आज्ञा ज्या संकेतांत जातात तो तुर्कस्तानांतील एर्दाल आरिकान यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केला. इकडे २०१३ च्या जुलैंत आपल्या सरकारी तारेची सेवा कायमची बंद झाली.

ह्या सर्व इतिहासांत एकच विचार हळूहळू स्पष्ट होत गेलेला दिसतो. जेथें निरोप निर्दोष जाईल असें धरून काटकसर केली, तेथें प्रिमरोजसारखी गत झाली. जेथें तो बिघडेल हें आधींच मान्य केलें, तेथें त्याच्या रक्षणाचा मार्ग सांपडला. घनपाठी वैदिक, हुंडी लिहिणारा मुनीम आणि घाटांतला स्टेशनमास्तर यांना हें आपापल्या परीनें ठाऊक होतें. साक्षीदार किती व कोठें बसवावे म्हणजे थोडक्या खर्चांत भागेल, एवढें शॅनन, हॅमिंग, बोस व श्रीखंडे यांनीं दाखविलें. इगतपुरीस गाडी थांबते, मागचें जोड-इंजिन सुटतें, आणि कोणी आपल्या मुलीस 'सुखरूप घाट चढलों' असें कळवितो. तेवढे तीन शब्द शुद्ध पोंचावेत म्हणून किती पिढ्यांनीं आपल्या चुका निमूटपणें मोजल्या, ह्याची आठवण त्या क्षणीं कोणास होणार नाहीं, हें खरें; तथापि ती कधीं तरी व्हावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.